फ्रीजरमधली मुदत ठेव

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त क्लब हाऊसमध्ये दिलेल्या भाषणाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवात ज्येष्ठ सभासदांनी आपापल्या आवडीच्या विषयावर थोडं बोलावं असं समितीने ठरवलं. मी विषय कळवला, "गोठवलेल्या पिठाचा घरगुती पाव". बँकेतून निवृत्त झालेला माणूस, तो गुंतवणुकीवर बोलेल, फार तर मृत्युपत्र कसं करावं ते सांगेल अशी समितीची अपेक्षा असावी. पण मंडळी, मी ठेवींबद्दलच बोलणार आहे. ही ठेव बँकेत न ठेवता फ्रीजरमध्ये ठेवायची, एवढाच फरक.

आधी अडचण सांगतो, कारण अडचण नसेल तर उपाय ऐकून करायचंय काय? पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा बऱ्याच घरांत चार-पाच माणसं होती. आज खालच्या बोर्डावर नावं तीच आहेत, पण दाराआड दोन माणसं, आणि काही दारांआड एकच. मुलं पुण्या-मुंबईत, काहींची बंगळूरला, काहींची परदेशात. हे रडगाणं म्हणून सांगत नाही, हिशोब म्हणून सांगतो. ब्रेडचं पाकीट चारशे ग्रॅमचं, पावाची लादी सहा नाही तर आठांची. एकट्या माणसाला सकाळी लागतात दोन. आणि आपली वलवणची हवा तुम्हाला माहीत आहेच. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, तिथे पाव किती टिकणार? तिसऱ्या दिवशी कडेला हिरवा ठिपका दिसतो आणि उरलेला पाव कचऱ्याच्या डब्यात जातो. काही जण ठिपक्यापुरता भाग काढून बाकीचा खातात. कृपा करून तसं करू नका. पाव आतून जाळीदार असतो, त्यामुळे बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याच्या पुढे आतवर गेलेले असतात.

दुसरी अडचण शनिवार-रविवारची. पावसाळ्यात भुशी धरण वाहायला लागलं की मुंबई-पुण्याची निम्मी माणसं आपल्याच रस्त्यावर असतात असं वाटतं. जुन्या महामार्गावर गाड्यांची रांग लागली की पाव आणायला लोणावळ्याच्या बाजारात जाणं म्हणजे अर्धा दिवस. तरुण माणूस स्कूटर काढून निसटतो. पंचाहत्तरीच्या माणसाने छत्री धरून त्या गर्दीतून चालायचं का, हा प्रश्न आहे.

यावर कोणी म्हणेल, पाव कशाला हवा, पोळी खा. बरोबर आहे, आणि पोळी कोणी सोडा असं मी म्हणत नाही. पण पोळीला रोज मळणं आलं, रोज लाटणं आलं. ज्यांची बोटं संधिवाताने आखडली आहेत त्यांना विचारा. पोळ्यांच्या बाईंनी सुट्टी घेतली की काय होतं तेही विचारा. आणि ज्यांना कवळी आहे त्यांना मऊ पाव दुधात बुडवून खाण्याचं सुख काय असतं ते मी सांगायला नको.

आता थोडं मागे जाऊ या. पाव आपल्या स्वयंपाकघरात कधी तयार होत नव्हता, आणि त्याला कारणं आहेत. पाव हा शब्दच मुळी पोर्तुगीज भाषेतला. पायाने मळतात म्हणून पाव, ही आपल्याकडची ऐकीव गोष्ट. शब्दाचा आणि पायाचा काही संबंध नाही. 1510 साली पोर्तुगिजांनी गोवा घेतला आणि त्यांच्याबरोबर त्यांची भट्टी आली. त्यांच्या देशातलं यीस्ट इथे मिळेना, तेव्हा माडाच्या ताडीने पीठ आंबवायला लागले. गोव्यात पाव करणाऱ्याला पोदेर म्हणतात, आणि आजही गावागावांत सकाळ-संध्याकाळ सायकलवर टोपली बांधून, भोंगा वाजवत तो दारात येतो. म्हणजे पाव जिथे मुरला त्या गोव्यातसुद्धा तो बहुतेक घरांत भाजला जात नाही, पोदेराकडूनच येतो.

आपल्याकडे तर त्याला उंबरठाच ओलांडू दिला नाही. विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यायलेलं अख्खं गाव बाटलं, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी आजीच्या तोंडून ऐकली असेल. अशा गोष्टी ऐकत वाढलेल्या घरांत पाव यायचा तो आजाऱ्यासाठी. ताप उतरला की डॉक्टर सांगायचे, चहा-पाव द्या. शेजाऱ्यांना पाव आणताना दिसलं की ते विचारायचे, "कोण आजारी आहे हो?" पुढे मिसळीबरोबर, वड्याबरोबर पाव मराठी माणसाच्या तोंडात बसला, पण तोही बाहेरच, स्टेशनच्या बाजूला, गाडीवर. 1965 साली केंद्र सरकारने मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली आणि पाकिटातला ब्रेड मध्यमवर्गाच्या टेबलावर आला. 2000 साली सरकारने हीच कंपनी हिंदुस्थान लिव्हरला विकली. सरकारी कंपन्यांच्या विक्रीचा विषय निघाला की हे उदाहरण पहिलं सांगितलं जातं. बँकेत होतो म्हणून एवढं लक्षात राहिलं.

धर्माच्या कारणाइतकंच दुसरं कारण महत्त्वाचं होतं. आपल्या घरात चूल होती, शेगडी होती, तवा होता, कढई होती, भट्टी नव्हती. चहूबाजूंनी उष्णता देणारं काही साधनच नव्हतं. आठवतं का, दिवाळीच्या आधी आपल्या आया डब्यात रवा, मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायच्या आणि नानकटाई भाजून आणायच्या? पत्र्याचे डबे हातात, बेकरीबाहेर रांग. पीठ आपलं, भट्टी त्यांची. भाजणं हे काम गावच्या भट्टीचं, हीच आपली रीत होती.

आता भट्टी घरात आली आहे. आपल्या सोसायटीत किती घरांत ओटीजी किंवा ओव्हन असलेला मायक्रोवेव्ह आहे ते तुम्हीच मोजा. 25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि त्यानंतर घरोघरी पाव, केक, पिझ्झा करण्याची लाटच आली. यीस्टची पाकिटं दुकानात मिळेनाशी झाली होती. मग टाळेबंदी उठली आणि बहुतेक ओटीजी प्लॅस्टिकचं कव्हर घालून फ्रीजवर किंवा माळ्यावर गेले. का गेले? कारण घरी पाव करायचा म्हणजे मळण्यापासून भाजून निघेपर्यंत तीन-चार तास जातात. एवढा वेळ घालवून दोनच पाव कोण करेल? मग एकदम बारा होतात. त्यातले दोन ताजे खातो आणि दहा शिळे. म्हणजे दुकानातल्या लादीची अडचण आपण मेहनत करून घरात आणली.

गोठवलेल्या पिठाचा उपयोग नेमका इथे आहे. मळण्याचं काम महिन्यातून एकदा करायचं, आणि भाजायचं मात्र लागेल तेव्हा, लागेल तेवढं. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांनी तिथल्या दुकानांत पावाच्या पिठाचे गोठवलेले गोळे पिशवीत भरून विकायला ठेवलेले पाहिले असतील. सँडविचच्या मोठ्या साखळी दुकानांतही पीठ मळत नाहीत. कारखान्यातून गोठवलेल्या कांड्या येतात, त्या दुकानात फुगवतात आणि भाजतात, आणि आत शिरल्यावर आपल्याला ताज्या पावाचा वास येतो. आपल्याकडे गोठवलेले मटार, मक्याचे दाणे, पराठे सर्रास मिळतात. पावाच्या पिठाचे गोळे मात्र क्वचितच दिसतात, म्हणून ते घरी करायचे.

इथे काही भगिनींच्या चेहऱ्यावर मला शंका दिसते आहे. मळलेलं पीठ रात्रभर ठेवू नये, शिळ्या कणकेची पोळी करू नये, असं आपल्याला शिकवलेलं आहे. ती शिकवण फ्रीज नसलेल्या घरांतली आहे आणि त्या काळी ती योग्यच होती. उघड्यावर राहिलेली कणीक काळी पडते, आंबते, पोट बिघडवते. पण आपल्याच आज्या एक पीठ मुद्दाम करून ठेवायच्या, आणि त्याला कोणी शिळं म्हणत नसे. सांगा कोणतं? अनारशाचं! तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग फडक्यावर पसरून निथळायचे, ओलसर असतानाच कुटायचे, गूळ आणि थोडं तूप घालून गोळा करायचा आणि डब्यात दाबून ठेवायचा. चार-पाच दिवस मुरल्याशिवाय त्याला कोणी हात लावत नसे. नंतर मात्र पाहुणा आला की लिंबाएवढी गोळी काढायची, खसखशीवर थापायची आणि तुपात सोडायची. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे, ते काय एका सकाळी तांदूळ भिजवून होत होते? पीठ आधी ठेवलेलं असायचं. गूळ त्या पिठाला टिकवतो, आणि आपल्या गोळ्यांना थंडी टिकवते. मेहनत आधी करून ठेवायची आणि ताजेपणा नंतर काढायचा, ही युक्ती घरचीच आहे.

आता या गोळ्याच्या आत काय चालतं ते सांगतो, कारण ते समजलं की कृती पाठ करावी लागत नाही. यीस्ट म्हणजे डोळ्यांना न दिसणारे सजीव. आंबवण्याचं काम हे सजीव करतात, हे एकोणिसाव्या शतकात लुई पाश्चर यांनी दाखवून दिलं. यीस्ट पिठातली साखर खातं आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडतं. मैदा पाण्यात मळला की त्यात ग्लुटेनची लवचीक जाळी तयार होते. वायू त्या जाळीत अडकतो आणि गोळा फुगतो. उणे अठरा अंशांत यीस्ट मरत नाही, झोपतं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर खातं निष्क्रिय होतं, बंद होत नाही.

पण निष्क्रिय खात्यालाही मुदत असते. दोन वर्षं खातेदाराने व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय धरतात, आणि दहा वर्षं झाली की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होते. पिठाच्या गोळ्याची मुदत आपल्या घरच्या फ्रीजरमध्ये तीन ते चार आठवडे. का? पिठातल्या पाण्याचे बर्फाचे स्फटिक होतात आणि ते सुईसारखे यीस्टच्या पेशींना टोचतात. काही पेशी मरतात. मेलेल्या पेशींतून ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य बाहेर पडतं आणि ते ग्लुटेनची जाळी सैल करतं. म्हणजे फुगवणारे कमी झाले आणि फुगा धरणारी जाळीही ढिली झाली. शिवाय आपल्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये बर्फ साचू नये म्हणून मधूनमधून कप्पा थोडा गरम केला जातो. त्यामुळे स्फटिक वितळतात, पुन्हा होतात, आणि आधीपेक्षा मोठे होतात. म्हणून तीन नियम. यीस्ट नेहमीपेक्षा जास्त घालायचं, पीठ फुगायच्या आधीच गोठवायचं, आणि पिशवी दाराजवळ न ठेवता मागच्या भिंतीला लागून ठेवायची.

आता कृती. माप लिहून घ्या म्हणजे नंतर फोन करून विचारावं लागणार नाही. मैदा अर्धा किलो. इन्स्टंट ड्राय यीस्ट आठ ग्रॅम; एरवी पाच ग्रॅम पुरतं. मीठ दहा ग्रॅम, साखर पंचवीस ग्रॅम, लोणी किंवा तेल चाळीस ग्रॅम. दूध आणि पाणी मिळून तीनशे मिलीलीटर, आणि ते फ्रीजमधलं गार. इथे बहुतेकांच्या हाताला सवय वेगळी असते. यीस्ट म्हटलं की आपण कोमट पाण्याकडे हात नेतो. आज पाव करायचा असेल तर ते ठीक. पण आपल्याला यीस्ट जागं करायचं नाहीये, झोपवायचं आहे. पावसाळ्यात मैदा हवेतली ओल ओढून घेतो, तेव्हा पाणी दोन-तीन चमचे हातचं राखून ठेवावं आणि लागलं तरच घालावं.

दहा-बारा मिनिटं चांगलं मळावं. थोडं पीठ दोन्ही हातांच्या बोटांत हळूहळू ताणलं आणि पापुद्रा फाटायच्या आधी त्यातून उजेड दिसला की मळणं पुरे. ज्यांच्या हातांना हे झेपत नाही त्यांनी फूड प्रोसेसर वापरावा, त्यात कमीपणा नाही. मग दहा मिनिटं झाकून ठेवावं आणि लगेच सत्तर-सत्तर ग्रॅमचे बारा गोळे करावेत. ताटाला तेलाचा हात लावून गोळे सुटे सुटे मांडावेत आणि ताट फ्रीजरमध्ये ठेवावं. तीन-चार तासांत ते दगडासारखे होतात. मग प्लॅस्टिकच्या झिपच्या पिशवीत भरून, हवा दाबून काढून, वर तारीख लिहावी. तारीख लिहायला विसरू नका. तारखेशिवाय पावती आणि तारखेशिवाय पिशवी, दोन्ही सारख्याच निरुपयोगी.

सकाळी पाव हवा असेल तर रात्री झोपताना लागतील तेवढे गोळे काढून, तेल लावलेल्या डब्यात झाकून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावेत. सकाळी उठल्याबरोबर बाहेर काढावेत. दोन तासांत दुप्पट होतात. संध्याकाळी हवा असेल तर दुपारच्या जेवणानंतर थेट फ्रीजरमधून काढून ओट्यावर ठेवले तरी चालतं, चार तास धरावेत. हे वेळ पुस्तकातले नाहीत, वलवणचे आहेत, आणि तेही पावसाळ्यातले. आपण समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहोत, इथला पाऊस वर्षाला चार मीटरच्या घरात जातो, आणि डिसेंबरच्या पहाटे स्वयंपाकघरातलं खोबरेल दगड झालेलं असतं. तेव्हा ओट्यावरचा गोळा दुपारपर्यंत तसाच पडून राहील. थंडीत बंद ओव्हनमध्ये, ओव्हन न लावता, गोळ्यांशेजारी कढत पाण्याचं भांडं ठेवावं आणि दार लावून घ्यावं. तासाभराने पाणी बदलावं. गोळा तयार झाला का हे घड्याळाला न विचारता बोटाला विचारावं. हलकेच दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला तर तयार. झटकन भरून आला तर अजून वेळ आहे. भरूनच आला नाही तर जास्त झालं, लगेच भाजायला घ्या.

भाजणं सोपं. वरून दुधाचा हात फिरवावा, आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये दोनशे अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटं. बाहेर काढल्यावर लोणी लावून ओलसर फडक्याने झाकावं, म्हणजे वरचं कवच मऊ राहतं.

आता पुन्हा हिशोब. पंधराशे वॅटचा ओटीजी तापवण्यासकट अर्धा-पाऊण तास चालला तर जवळजवळ एक युनिट वीज जाते. बारा पावांना ती परवडते. दोन पावांसाठी एक युनिट जाळणं माझ्या हिशोबी मनाला पटत नाही. म्हणून दोन पावांसाठी जाड बुडाची कढई वापरावी. आत रिंग ठेवून, झाकण घालून मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं तापवावी, मग गोळ्यांचा छोटा डबा आत ठेवून मंद आचेवर वीस ते पंचवीस मिनिटं. कुकर वापरला तर शिटी आणि रबरी रिंग काढून ठेवायला विसरू नये. वरून रंग येत नाही, तेव्हा शेवटी लोणी लावून तव्यावर अर्धा मिनिट पालथे करावेत. ज्यांच्या मुलांनी एअर फ्रायर पाठवला आहे आणि तो खोक्यातच आहे, त्यांनी तो बाहेर काढावा. दोन पावांना त्याच्यासारखं साधन नाही.

राहिली वीज. आपल्या शेजारी वलवणचं धरण आहे. या तळ्यांचं पाणी घाटाखाली खोपोलीला उतरवून टाटांनी 1915 साली वीजघर सुरू केलं आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या. शंभरावर वर्षं आपलं पाणी वीज करतं आहे, आणि वादळी पावसात एखादी फांदी तारेवर पडली की आपल्याकडे अंधार. तर वीज गेली की फ्रीजर उघडून बघायचा मोह आवरावा. दार बंद राहिलं आणि कप्पा भरलेला असला तर चार-सहा तासांत गोळ्यांना काही होत नाही. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या तर थंडी आणखी टिकते. पण गोळे मऊ होऊन फुगायला लागले असतील तर परत गोठवू नयेत. त्याच दिवशी सगळे भाजावेत आणि मजल्यावर वाटावेत. विजेच्या कृपेने शेजाऱ्यांनाही ताजा पाव मिळेल.

एक इशाराही देतो. घरचा असला तरी हा मैदाच आहे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच खावा. तिसरा हिस्सा कणीक घातली तर चालते, पाणी थोडं वाढवावं लागतं आणि पाव जरा बसका होतो. पण या पद्धतीचा एक फायदा असा की पाव मोजूनच तयार होतात. लादी समोर असली की तिसरा उचलला जातो. फ्रीजरमधून दोनच गोळे काढले असतील तर तिसरा येणार कुठून?

आता ज्यासाठी हा विषय निवडला ते सांगतो. एकट्या राहणाऱ्या माणसाचा स्वयंपाक कसा बंद होत जातो हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. जोडीदार गेल्यावर आधी भाजी दोन वेळची एकदाच होते, मग डबा लागतो, मग डब्यातलंही उरतं. एकट्यासाठी कशाला करायचं, हे वाक्य आपल्या जिन्यात मी फार वेळा ऐकलं आहे. त्या माणसाला "नीट जेवत जा" असं सांगून काही होत नाही. त्याला एकट्यापुरतं, सोपं आणि ताजं असं काहीतरी हातात द्यावं लागतं. दोन गोळे रात्री काढून ठेवले तर सकाळी उठायला एक कारण असतं, कारण ते फुगत असतात, त्यांच्याकडे बघावं लागतं. आणि घरात पाव भाजल्याचा वास सुटला की ते घर एकट्याचं वाटत नाही. बाहेर जिन्यातही तो वास जातो आणि कोणीतरी बेल वाजवून विचारतं, काय चाललंय?

म्हणून समितीपुढे एक सूचना मांडतो. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, गुरुवारी अशासाठी की शनिवार-रविवारी पाहुणे असतात, इच्छुक सभासदांनी याच हॉलमध्ये दोन तास जमावं आणि एकत्र पीठ मळावं. मैदा आणि यीस्ट वर्गणीतून एकदम आणावं. पीठ मळल्यावर रेंगाळू मात्र नये, कारण आपले फ्रीजर वर आपापल्या घरांत आहेत. गोळे झाले की ताट घेऊन ज्याने त्याने लिफ्ट पकडावी. ज्यांना मळणं जमतं त्यांनी मळावं. ज्यांचे हात दुखतात त्यांनी वजन करावं, ताटांना तेल लावावं, पिशव्यांवर तारखा घालाव्यात. जे खाली येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी बारा गोळ्यांचं ताट पोचवावं, आणि पोचवणाऱ्याने दहा मिनिटं तिथे बसावं. पीठ मळण्याच्या कामात पुरुष सभासदांनी मागे राहू नये. बेकऱ्यांत हे काम पुरुषच करत आले आहेत.

या सूचनेला अनुमोदक हवा. सर्वसाधारण सभेपर्यंत थांबायची गरज नाही, कारण यात सोसायटीचा एक पैसा खर्च होत नाही. ज्यांना नाव द्यायचं आहे त्यांच्यासाठी बाहेर टेबलावर वही ठेवली आहे. वहीशेजारी सोळा पाव आहेत, आज सकाळीच भाजलेले, तीन आठवड्यांपूर्वी मळलेले. खाऊन बघा आणि मग सही करा.